टी पेशींनी टीबी ओळखला, मग गोळ्या कशाला?

प्रश्न: मी केज तालुक्यातली. बारावी सायन्सला आहे, नीटच्या तयारीसाठी लातूरला होस्टेलवर राहते. आई-बापू ऊसतोडीला जातात. यंदा चैत्रात बापू कारखान्यावरून आले ते खोकतच. मे-जून मी घरीच होते. ऑगस्टमध्ये बापूंच्या बेडक्यात टीबी निघाला, सरकारी औषध सुरू आहे. सप्टेंबरमध्ये आमची सगळ्यांची तपासणी झाली. माझ्या हातावर सुई टोचली होती, तिथे १४ मिलिमीटर सूज आली. एक्स-रे स्वच्छ आहे, मला खोकला-ताप काही नाही. तरी डॉक्टरांनी तीन महिने गोळ्या घ्यायला सांगितल्यात. पुस्तकात वाचलं की किलर टी पेशी जंतू लपलेल्या पेशी ओळखून मारतात. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे माझ्या पेशींनी टीबी ओळखलाय, मग गोळ्या कशाला? त्या नेमकं काय ओळखतात? लहानपणी बीसीजी टोचलंय, त्यामुळे तर टेस्ट पॉझिटिव्ह आली नसेल ना? ओळखीचे एक जण महागडी रक्ततपासणी कर म्हणतात. होस्टेलवर सांगावं लागेल का? धाकटा भाऊ चार वर्षांचा आहे.

उत्तर: तुझ्या प्रश्नात एक गृहीत आहे, ते आधी बाजूला करू. मारक टी पेशीला (तू म्हणतेस ती किलर टी पेशी, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) टीबीचा जंतू दिसतच नाही. तिला दिसते ती तुझी स्वतःची पेशी आणि त्या पेशीने बाहेर मांडलेला प्रथिनाचा एक छोटा तुकडा. हे नीट समजलं की गोळ्यांचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो, म्हणून आधी तिथेच थोडं थांबू.

बापूंच्या खोकल्यातून हवेत आलेला जंतू श्वासावाटे फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतो. तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. गिळलेला जंतू पेशीच्या आत एका पिशवीत असतो. ती पिशवी लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पाचक पिशवीला, जाऊन मिळावी आणि जंतू पचून जावा, हा नेहमीचा क्रम. टीबीचा जंतू ते मिळणंच अडवतो आणि त्याच पिशवीत राहून वाढतो. त्याची वाढ फार सावकाश असते, एकाचे दोन व्हायला जवळपास एक दिवस लागतो. पेशीच्या आत असल्यामुळे रक्तातल्या प्रतिपिंडांना (अँटीबॉडींना) तो सापडत नाही.

आता पेशीच्या आत काय चाललंय हे बाहेरून कळायचं कसं? लातूरच्या मोंढ्यात खरेदीदार सोयाबीनचं प्रत्येक पोतं मोकळं करून बघत नाही. टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतो आणि त्यावरून मालाचं ठरवतो. आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी असा नमुना स्वतःहून बाहेर मांडत असते. पेशीद्रवातली प्रथिनं प्रोटिअसोममध्ये, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या यंत्रात, चिरली जातात. त्यांचे तुकडे टॅप नावाच्या वाहकातून आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात) जातात, तिथे एचएलए वर्ग १ या तुकडे मांडणाऱ्या रेणूच्या खोबणीत बसतात आणि त्या रेणूसकट पेशीच्या पृष्ठभागावर येतात. तुकडा साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा असतो, बहुतेकदा ९. निरोगी पेशीवरचे सगळे तुकडे आपल्याच प्रथिनांचे असतात. आत जंतू असेल तर त्यांत एखाद-दुसरा परका तुकडा येतो. टी पेशीचा ग्राही (तिच्या पृष्ठभागावरचा ओळखणारा रेणू) तो तुकडा आणि त्याभोवतीचा एचएलए रेणू, दोन्ही एकत्र चाचपतो. टी पेशीवरचा सीडी-८ हा रेणू त्याच एचएलएला बाजूने धरून ठेवतो. म्हणूनच या पेशींना सीडी-८ पेशी म्हणतात.

‘दोन्ही एकत्र’ हे शब्द पक्के लक्षात ठेव, परीक्षेतही कामाला येतील. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ मध्ये उंदरांवर हेच दाखवलं. एका वाणाच्या उंदराच्या मारक पेशी त्याच विषाणूने बाधलेल्या दुसऱ्या वाणाच्या पेशींना हात लावत नव्हत्या, कारण तुकडा मांडणारा रेणू वेगळा होता. या शोधाला १९९६ चं नोबेल मिळालं. माणसात एचएलए-ए, बी आणि सी हे तीन रेणू आईकडून एकेक आणि वडिलांकडून एकेक येतात, म्हणजे जास्तीत जास्त सहा प्रकार. ते माणसागणिक बदलतात. त्यामुळे एकाच जंतूचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या माणसांच्या पेशींवर मांडले जातात.

इथे तुला एक शंका यायला हवी. जंतू पिशवीत आहे आणि प्रोटिअसोम पेशीद्रवात. मग जंतूचं प्रथिन तिथपर्यंत जातं कसं? यातली एक वाट जंतू स्वतःच उघडतो. त्याच्याकडे ईएसएक्स-१ नावाची स्रावयंत्रणा आहे. तिच्यातून ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोन छोटी प्रथिनं जोडीने बाहेर पडतात. या यंत्रणेमुळे पिशवीच्या पडद्याला भोकं पडतात. जंतूला त्याचा फायदा होतो, पण त्याची प्रथिनं पेशीद्रवात गळतात आणि चिरली जाऊन वर मांडली जातात. दुसरी वाट मरणाऱ्या पेशींची. बाधित पेशी शिस्तीत मेली, तर तिचे कण शेजारच्या डेंड्रायटिक पेशी (टी पेशींना नमुने दाखवणाऱ्या पेशी) उचलतात आणि त्यांतले तुकडे आपल्या वर्ग १ वर मांडतात. टीबीचा जंतू पेशीला असं शिस्तीत मरू देत नाही, ती फुटून जावी याकडे त्याचा कल असतो. त्यामागचं एक कारण हेच.

पुस्तकात सहसा नसलेली आणखी एक गोष्ट. प्रथिनांखेरीज इतरही खुणा ओळखल्या जातात. टीबीच्या जंतूचं कवच मेणासारख्या मेदांचं असतं. त्यातलं मायकोलिक आम्ल सीडी-१ नावाच्या रेणूवर मांडलं जातं आणि काही टी पेशी ते ओळखतात. जंतू स्वतः बी-२ जीवनसत्त्व बनवतो, आपलं शरीर बनवत नाही. त्या बनवण्यातले मधले रेणू एमआर-१ नावाच्या रेणूवर दिसतात आणि मेट नावाच्या टी पेशी जाग्या होतात. एचएलए-ई हा रेणू तर जवळपास सगळ्या माणसांत सारखाच असतो आणि त्यावरही टीबीचे तुकडे सापडले आहेत. सगळ्यांना चालेल अशी लस शोधणाऱ्यांचं म्हणूनच त्याकडे लक्ष आहे.

ओळख पटली की मारक पेशी बाधित पेशीला चिकटते आणि मधल्या फटीत आपल्या कणिका रित्या करते. त्या कणिकांतलं परफोरिन हे प्रथिन पडद्याला छिद्रं पाडतं, ग्रॅन्झाइम आत जाऊन पेशीला मरणाच्या वाटेला लावतं. ग्रॅन्युलायसिन थेट जंतूवरच चालतं. (उंदरांत ग्रॅन्युलायसिन नसतं. टीबीवरचं बरंच संशोधन उंदरांत झालंय, तेव्हा त्याचे निष्कर्ष माणसाला लावताना हे ध्यानात ठेवावं लागतं.) शिवाय टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे निरोप देणारं प्रथिन सोडते. त्याने आसपासच्या भक्षक पेशी चेततात आणि अडवलेलं पचन काही अंशी पुढे सरकतं.

मग जंतू उरतो कसा? पहिलं कारण उशीर. टीबीचा तुकडा लसिका गाठीपर्यंत जाऊन तिथे टी पेशी तयार व्हायला आणि त्या फुफ्फुसात परतायला आठवडे जातात. माणसात त्वचाचाचणी पॉझिटिव्ह व्हायला साधारण २ ते ८ आठवडे लागतात. तोवर जंतूंनी आपलं बस्तान बसवलेलं असतं. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे: जंतूच्या ज्या प्रथिनाविरुद्ध फौज उभी राहते, तेच प्रथिन बाधित पेशीवर दिसेल असं नाही. उंदरांत टीबी-१०.४ नावाच्या प्रथिनाविरुद्ध मारक पेशींची मोठी संख्या तयार होते, पण प्रत्यक्ष बाधित भक्षक पेशी समोर ठेवल्या तर या मारक पेशी त्यांना ओळखत नाहीत, असं २०१८ मध्ये दिसून आलं. फौज आहे, पण नेमक्या पेशीवर खूण नाही. तिसरं, जंतूंभोवती पेशींची गाठ बनते तेव्हा टी पेशी बऱ्याचदा तिच्या बाहेरच्या कड्यात अडकतात आणि जंतू असतात मधल्या गाभ्यात. आणि हे काम एकट्या सीडी-८ पेशींचं नाहीच. एचएलएच्या दुसऱ्या गटावरचे, म्हणजे वर्ग २ वरचे, तुकडे वाचणाऱ्या सीडी-४ टी पेशींचा वाटा मोठा आहे. एचआयव्हीत त्या घटतात आणि टीबीचा धोका कित्येक पटींनी वाढतो, यावरून ते कळतं. मकाक माकडांत सीडी-८ पेशी काढून टाकल्यावरही संरक्षण ढासळलं. म्हणजे दोन्ही लागतात.

तेव्हा तुझ्या टेस्टचा अर्थ एवढाच: तुझ्या टी पेशींची टीबीच्या प्रथिनांशी गाठ पडली आहे. जंतू संपले की दबून बसलेत, हे ही टेस्ट सांगू शकत नाही. तुला टीबीचा आजार झालाय असंही ती म्हणत नाही. अशा संसर्ग झालेल्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी आजार होतो, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या दोन वर्षांतला असतो. तुझी ती दोन वर्षं आत्ताच सुरू झाली आहेत. गोळ्यांची वेळ हीच आहे.

बीसीजीबद्दलची तुझी शंका रास्त आहे. हातावर टोचतात त्या जुन्या चाचणीत ०.१ मिलिलिटर पीपीडी कातडीच्या आत देतात. पीपीडी म्हणजे जंतूच्या शेकडो प्रथिनांचं मिश्रण, त्यातली कित्येक बीसीजीतही असतात. पण जन्मतः दिलेल्या बीसीजीचा या चाचणीवरचा परिणाम दहाएक वर्षांत जवळपास ओसरतो. तू सतराच्या आसपास आहेस, सूज १४ मिलिमीटर आहे (आपल्याकडे १० वा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह), आणि बेडक्यात जंतू असलेल्या माणसाबरोबर दोन महिने एका घरात होतीस. हे सगळं एकत्र धरलं तर तो खरा संसर्ग समजायला हवा. फक्त एवढं विचारून घे की मोजलं काय? ४८ ते ७२ तासांच्या आत, बोटाला लागणारी कडक सूज, हाताच्या आडव्या दिशेने मोजायची असते. भोवतीचा लालपणा धरायचा नसतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बॉलपेनची रेघ बाहेरून सुजेकडे सावकाश ओढत न्यावी, जिथे पेन अडेल तिथे थांबावं, दुसऱ्या बाजूनेही तसंच करावं आणि दोन टोकांमधलं अंतर मोजावं.

आता सीवाय-टीबी नावाची नवी त्वचाचाचणीही आली आहे. तिच्यात फक्त ईसॅट-६ आणि सीएफपी-१० असतात. पिशवीला भोक पाडणारी हीच ती जोडी. ही प्रथिनं ज्या जनुकांतून येतात तो आरडी-१ नावाचा भाग बीसीजीच्या जंतूने प्रयोगशाळेतल्या वर्षानुवर्षांच्या वाढीत गमावला आहे, त्यामुळे बीसीजीने ही चाचणी फसत नाही. तिच्यात ५ मिलिमीटर वा जास्त सूज म्हणजे पॉझिटिव्ह.

महागडी रक्ततपासणी म्हणजे इग्रा, टी पेशी टीबीच्या तुकड्यांना पाहून इंटरफेरॉन-गॅमा सोडतात का हे बघणारी. तुला तिची गरज नाही. निर्णय बदलणार नाही, खर्च तेवढा होईल. तरीही कोणी करायचीच म्हणालं तर हे माहीत असू दे. प्रत्येकी १ मिलिलिटरच्या चार नळ्या असतात. एक कोरी, दोन टीबीच्या तुकड्यांच्या, एक टी पेशी जिवंत आहेत ना हे तपासणारी. टीबीच्या दोन नळ्यांपैकी दुसरीत सीडी-८ पेशींना चालतील असे आखूड तुकडेही असतात. म्हणजे तू विचारलेली ओळख तिथे नळीत घडते. पण ते रक्त जिवंत असायला हवं. नळ्या १७ ते २७ अंशांत ठेवून १६ तासांच्या आत ३७ अंशांच्या उबवणीत जायला हव्यात. केजहून मोटारसायकलच्या डिकीत, मे महिन्याच्या ४२ अंशांत, दुपारभर फिरून नळ्या पोहोचल्या तर टी पेशी मरतात आणि ‘अनिर्णित’ असा निकाल हाती येतो. फ्रिजमध्येही ठेवायच्या नाहीत.

गोळ्यांबद्दल. तीन महिने म्हणजे बहुधा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, आठवड्यातून एकदा, एकूण १२ वेळा. १४ वर्षांवरच्यांना दोन्हींचा डोस ९०० मिलिग्रॅम असतो. जेवणानंतर घे. वार ठरव, रविवार सोपा. विसरलीस आणि दोन दिवसांत आठवलं तर लगेच घे, पुढचा रविवार तसाच ठेव. त्याहून उशिरा आठवलं तर आठवेल त्या दिवशी घे आणि तोच वार पुढे धर. चार दिवसांपेक्षा कमी अंतराने दोन डोस घ्यायचे नाहीत. लघवी आणि डोळ्यांतलं पाणी नारंगी होईल, त्याला घाबरू नकोस. मात्र अन्नावरची वासना जाणं, सतत मळमळ, चहासारखी काळपट लघवी, डोळे पिवळे होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस न घेता डॉक्टरांना दाखव, कारण ही लक्षणं यकृताची असतात. हातापायाला मुंग्या आल्या तर पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ ची गोळी देतात. आईची तपासणी होऊन तिलाही हाच कोर्स सुरू झाला आणि ती गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांग. रिफापेंटिन त्यांचा परिणाम कमी करतं. दिवस गेलेल्या बाईला हा कोर्स देत नाहीत.

आणि एक अट, जी कधीच सोडायची नाही: गोळ्या सुरू करण्याआधी आजार नाही याची खात्री. दोन आठवड्यांचा खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, यांतलं काही नाही आणि एक्स-रे स्वच्छ, म्हणजे तुझी ही खात्री झालेली आहे. याचं कारण हिशेबाचं आहे. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एखादा असतो. आजारी फुफ्फुसातल्या पोकळीत कोट्यवधी जंतू असतात, तिथे एक-दोन औषधांवर भागवलं तर दाद न देणारे नेमके मागे उरतात. तुझ्यासारख्या दबलेल्या संसर्गात जंतू इतके थोडे असतात की तो धोका नगण्य. म्हणूनच बापूंना पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, आणि तुला दोनच. बापूंच्या बेडक्याच्या तपासणीत जंतू रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिडला दाद देणारा आहे ना, एवढं मात्र त्यांच्या कागदांवर बघून घे. तसा नसेल तर तुमच्या गोळ्या वेगळ्या असतील.

होस्टेलवर सांगायची गरज नाही. संसर्ग आहे पण आजार नाही, अशा माणसाकडून टीबी पसरत नाही. वेगळं ताट, वेगळी खोली, तोंडाला मास्क, यातलं काहीही तुला लागत नाही. तू क्लासला जाऊ शकतेस, मैत्रिणींबरोबर जेवू शकतेस. मेसच्या जेवणाकडे मात्र लक्ष दे. झारखंडमधल्या रेशन्स या अभ्यासात टीबी रुग्णांच्या घरच्यांना रोज सुमारे ७५० किलोकॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं मिळतील असा जास्तीचा शिधा दिला, तर नव्या टीबीचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटलं. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. मेसची पातळ वरणाची वाटी पुरत नाही. दोन अंडी, किंवा मूठभर शेंगदाणे-फुटाणे आणि एक वाटी उसळ, असं रोज वरून लाव. वजन महिन्यातून एकदा बघ.

घरची काळजी दिवाळीनंतरची आहे. गाडी कारखान्यावर निघेल तेव्हा बापूंचा कोर्स मध्यात असेल. टोळी निघण्याच्या किमान आठवडाभर आधी आशाताईंना किंवा तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकांना कारखान्याचं गाव सांगा. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक देशभर चालतो, औषध तिथल्या आरोग्य केंद्रातून मिळतं. तो क्रमांक कागदावर लिहून आईजवळही दे, फोन हरवला तरी अडणार नाही. पोषणासाठी बापूंच्या खात्यात महिन्याला १,००० रुपये यायला हवेत (नोव्हेंबर २०२४ पासून एवढे आहेत). येत नसतील तर बहुतेक वेळा खातं किंवा आधार जोडण्यात अडकलेलं असतं, ते निघण्याआधी तपासा. नियमित औषधावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जंतू पसरणं झपाट्याने कमी होतं, पण डोस चुकत गेले तर कोपीतल्या (ऊसतोड कामगारांच्या झोपडीतल्या) दाटीत पुन्हा तोच धोका उभा राहतो. उचल घेतली आहे म्हणून बापूंना लगेच कोयता धरायला लावू नका. मुकादमाशी याबद्दल आधीच बोलून घेतलेलं बरं.

भावाचं सगळ्यात आधी करा, तुझ्याही आधी. पाच वर्षांखालच्या मुलांत टी पेशींची ही सगळी यंत्रणा अजून कच्ची असते आणि टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत लवकर पोहोचतो. बीसीजीने त्या गंभीर प्रकारांपासून बरंच संरक्षण मिळतं, पण पूर्ण नाही. त्याच्यासाठी त्वचाचाचणीची वाट बघायची नसते. खोकला, ताप, वजन न वाढणं, खेळणं कमी होणं, यातलं काही नाही हे डॉक्टरांनी बघितलं की वजनाप्रमाणे गोळ्या सुरू करतात. रोजचं आयसोनियाझिड असेल तर किलोला १० मिलिग्रॅम, सहा महिने. चार वर्षांचं मूल गोळी गिळत नाही, ती कुस्करून थोड्या पाण्यात द्यावी आणि वाटी विसळून तेही पाजावं. तो आईबरोबर कारखान्यावर जाणार असेल तर त्याच्याही गोळ्या पुरेशा बरोबर घ्या, आणि त्याचं वजन निघण्याच्या आदल्या दिवशी अंगणवाडीच्या काट्यावर करून कार्डावर लिहून घ्या.